कोंबडीच्या छातीत घरघर, मधूनच चोच उघडून श्वास घेते. काय करू?

ठकीची माय

आमच्याकडे पाच कोंबड्या आहेत. आणल्या होत्या अंड्यांसाठी, आता घरच्याच झाल्यात. त्यातली ठकी, साधारण दोन वर्षांची, तांबूस रंगाची, आजारी आहे आणि तिचा श्वास मला ऐकवत नाही.

आधी नुसत्या शिंका होत्या. परवा रात्री खुराड्याचं दार लावायला गेले तेव्हा आतून घरघर ऐकू आली, कफाने छाती भरलेल्या म्हाताऱ्या माणसाची येते तशी. टॉर्च घेऊन एकेकीजवळ कान नेला, आवाज ठकीचाच होता. काल दुपारपासून ती मधूनच मान लांब करते, चोच उघडते, श्वास घेते आणि मग जोरात मान झटकते. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात फेसासारखे बुडबुडे दिसतात. नाकपुड्यांवर खाद्याची पूड चिकटून राहते, म्हणजे आत ओलं असणार. खाते आहे, पण नेहमीसारखी तुटून पडत नाही. अंडं बंद झालंय.

दुसरी एक, बकुळा, आज सकाळी दोनदा शिंकली. बाकीच्या ठीक दिसतात. दोनेक आठवड्यांपूर्वी एक नवी तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, आणली आहे, ती मात्र ठणठणीत आहे.

जवळचे डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे आहेत, कोंबडी बघायला ते कचरतात. ओळखीच्या एकांनी अँटिबायोटिकची पूड दिली आणि सांगितलं की सगळ्यांच्याच पाण्यात टाक, पाच दिवसांत मोकळ्या होतील. पूड समोर ठेवली आहे, पण हात धजत नाही. देऊ का? आणि ठकीला वेगळं ठेवायचं म्हटलं तर ती एकटी पडली की खाणंच सोडते. रात्री श्वास अडकला तर मी नेमकं काय करायचं? कुणाला अनुभव असेल तर लगेच सांगा.

सोनपिसारा

ताई, काळजी करू नका. वेगळी ठेवा, ऊब द्या. पाणी पीत नसेल तर चोच उघडून ड्रॉपरने घशात थोडं थोडं सोडत राहा, अंगात पाणी कमी पडायला नको. गरम पाण्याची वाफ दिली तर कफ सुटेल. आमच्या कोंबडीलाही असंच झालं होतं, आपोआप बरी झाली.

पाखरांची डॉक्टर

ठकीची माय, मी पक्ष्यांची डॉक्टर आहे. आधी आजच्या रात्रीचं बोलू, औषधाचं नंतर.

सोनपिसारा, तुमची कळकळ पोचते, पण चोच उघडून घशात पाणी सोडायचं नाही. कोंबडीच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागे, खालच्या बाजूला असतं. जीभ संपते तिथे एक बारीक फट उघडमीट करताना दिसते, तीच ती. धाप लागलेल्या पक्ष्याची ही फट सारखी उघडत असते. तिथे सोडलेलं पाणी अन्ननलिकेत जायच्या ऐवजी थेट श्वासनलिकेत उतरतं. आजारातून उठल्या असत्या अशा कोंबड्या निव्वळ अशा पाण्याने गेलेल्या मी पाहिल्या आहेत. पाणी द्यायचंच झालं तर बंद चोचीच्या कडेवर बाहेरून एक थेंब टेकवा. ती तो स्वतः आत ओढून गिळते. गिळला की दुसरा. वाफही नको. कोंबडीला घाम येत नाही, अंगातली उष्णता ती श्वासावाटेच बाहेर टाकते. दमट, गरम, कोंदट हवेत तिला जास्त जोरात श्वास घ्यावा लागतो, आणि आत्ता तेच तिला जमत नाहीये.

दुसरी गोष्ट, तिला धरायचं कसं. आपल्या छाती-पोटाच्या मध्ये श्वासपटल असतं, तसं कोंबडीला नसतं. तिची फुप्फुसं बरगड्यांना चिकटलेली असतात आणि फारशी फुगत नाहीत. हवा आत-बाहेर खेळवतात त्या शरीरभर पसरलेल्या नऊ हवेच्या पिशव्या, आणि त्या भरण्यासाठी छातीचं हाड दर श्वासाला पुढे आणि खाली सरकावं लागतं. मायेने का होईना, तिला छातीशी घट्ट धरलं की ते हाड हलत नाही. निरोगी कोंबडी थोडा वेळ सोसते, धाप लागलेली नाही सोसत. म्हणून एक तळहात खालून, पायांच्या मध्ये, दुसऱ्या हाताने पंख हलके आवरलेले आणि छाती पूर्ण मोकळी. उताणी तर कधीच करायची नाही.

आज रात्रीसाठी तिला घरात एखाद्या मोठ्या खोक्यात किंवा पिंजऱ्यात ठेवा. खाली भुसा नको, धूळ उडते. साधा कागद किंवा जुनं फडकं घाला आणि दर काही तासांनी बदला. एका कोपऱ्यात २७ ते ३० अंशांची ऊब मिळाली तर बरं, पण ऊब सगळीकडून नको, नकोसं झालं की तिला बाजूला सरकता आलं पाहिजे. हवा खेळती हवी, अंगावर झोत नको. स्वयंपाकघरात ठेवू नका. धूर, सुगंधी फवारे, जंतुनाशकांचे उग्र वास, यातलं काहीही तिच्या आसपास नको. न चिकटणाऱ्या लेपाचं भांडं चुलीवर जास्त तापलं तर त्याच्या वाफेने धडधाकट पक्षीही काही मिनिटांत मरतात.

एकटी पडली की खात नाही म्हणालात. बाकीच्यांचा आवाज पोचेल पण शिंक पोचणार नाही अशा जागी ठेवा. खाद्य कोमट पाण्यात भिजवून मऊ करून द्या, पाण्याचं भांडं तिच्या छातीच्या उंचीवर ठेवा म्हणजे मान खाली घालावी लागणार नाही. नाकपुड्या कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापसाने पुसा. एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, एवढंच. पुसणं बाहेरून, नाकात थेंब टाकायचे नाहीत.

आता मला या गोष्टी सांगा. ती शांत बसलेली असताना मिनिटाला किती श्वास घेते? शेपूट श्वासाबरोबर वर-खाली होते का? तुऱ्याचा रंग लाल आहे, फिका आहे की जांभळट? चेहरा, डोळ्याखालचा भाग सुजलाय का? नाकातल्या स्रावाला घाण वास येतो का? मान झटकते तेव्हा भिंतीवर किंवा कागदावर रक्ताचे शिंतोडे दिसतात का? चोचीच्या आत टॉर्चने बघा, पिवळट चिकट थर किंवा खपल्या आहेत का? दिसल्या तर खरवडू नका, खालून रक्त येतं आणि ते श्वासनलिकेत जातं. विष्ठा कशी आहे? मान वाकडी होते का, पाय लटपटतात का? आजाराच्या आधी अंड्यांची टरफलं पातळ, सुरकुतलेली झाली होती का?

पूड तशीच ठेवा. का, ते तुमची उत्तरं आल्यावर सांगते.

मळ्यातला

डॉक्टरताईंनी सगळं सांगितलंच आहे, पण आवाजाबद्दल मलाही बोलायचंय, कारण आमच्या कबरी नावाच्या कोंबडीच्या बाबतीत आवाजानेच उलगडा झाला. ती चोच उघडून श्वास घ्यायची, पण घरघर नाही, शिंक नाही, नाक कोरडं. सगळे सर्दी म्हणत होते. एका संध्याकाळी माझ्या मुलीने तिला खालून उचललं आणि म्हणाली, बाबा, हिचं पोट पाण्याच्या फुग्यासारखं लागतंय. डॉक्टरांनी सुईने पाणी काढलं तेव्हा पिवळसर द्रव निघाला आणि ती त्याच मिनिटाला चोच मिटून श्वास घ्यायला लागली. पोटात साठलेलं पाणी हवेच्या पिशव्यांना जागाच देत नव्हतं. मूळ दुखणं अंडाशयात होतं, त्यामुळे पुढे ती फार जगली नाही, पण ते दिवस तिचे सुखाचे गेले. सर्दीची औषधं देत बसलो असतो तर तेवढेही गेले नसते.

ताई, ठकीचं पोट दोन्ही पायांच्या मध्ये हलक्या हाताने चाचपून बघा. टणक, भरलेलं, नेहमीपेक्षा मोठं लागतं का? आणि अंडं अडकलंय का तेही. अडकलेल्या अंड्यानेही कोंबडी चोच उघडून धापा टाकते.

पाखरांची डॉक्टर

मळ्यातला, हे सांगितलंत ते फार बरं केलंत. ठकीला घरघर आणि फेस आहे म्हणून मी श्वासमार्गाच्या आजाराकडे झुकले होते, पण पोट तपासायलाच हवं. सुईने पाणी काढणं घरी कुणी करू नका. एकदम जास्त काढलं तर पक्षी तिथल्या तिथे कोसळतो.

ठकीची माय

रात्रभर तिच्याजवळ होते. सगळं लिहिते.

श्वास मोजले, ती डोळे मिटून बसलेली असताना मिनिटाला ४४, ४६ असे आले. शेपूट हलते, पण बारीक. तुरा लाल आहे, टोकं थोडी फिकी. डोळ्याखाली डाव्या बाजूला किंचित फुगवटा वाटतो. वास नाही, मी अगदी नाक लावून बघितलं. रक्त नाही, कागद पांढरा स्वच्छ. तोंडात थर नाही, पण टाळूच्या चिरेत पारदर्शक शेंबूड अडकलेला दिसला. विष्ठा थोडी पातळ, हिरवी नाही. मान, पाय ठीक. पोट मऊ आहे, अंडं लागत नाही. टरफलं शेवटपर्यंत चांगली होती.

तुम्ही सांगितलंत तसं खालून, छाती मोकळी ठेवून धरलं. फरक मला हाताला कळला, ती अंग सैल सोडून बसली. थेंब चोचीच्या कडेला लावला की स्वतः घेते. पहाटे भिजवलेलं खाद्यही खाल्लं, खिडकी उघडी ठेवली होती आणि बाहेरून बकुळा ओरडत होती, ते ऐकत ऐकत खाल्लं.

अजून एक गोष्ट. सकाळी खुराडं उघडलं तेव्हा मी मुद्दाम खाली बसून, त्यांच्या उंचीला नाक नेऊन वास घेतला. डोळ्यांना झोंबलं. उभं राहून कधी कळलंच नव्हतं. पावसाची झड आत येते म्हणून वरची जाळी बंद केलेली आहे.

आता सांगा, काय वाटतं? आणि पुडीचं काय?

पाखरांची डॉक्टर

तुम्ही जे बघितलंत ते फार नेमकं आहे. यावर बोलता येतं.

शांत बसलेल्या कोंबडीचे श्वास मिनिटाला साधारण २० ते ३५ च्या आसपास असतात. ४५ म्हणजे तिला कष्ट पडताहेत, पण चोच मिटून बसू शकते आणि तुरा लाल आहे, म्हणजे रक्ताला प्राणवायू मिळतोय. तुरा जांभळा पडला, शेपूट पंपाच्या दांडीसारखी हलू लागली किंवा ती सतत चोच उघडी ठेवून मान ताणून बसली तर रात्र असो की दिवस, डॉक्टरांकडे न्यायचं आणि प्राणवायू लावायचा. ज्या दवाखान्यात मांजराला प्राणवायू लावतात तिथे कोंबडीलाही लावता येतो, काचेच्या पेटीत किंवा मोठ्या डब्यात नळी सोडून. तुम्ही विचारलं होतं की रात्री श्वास अडकला तर काय करायचं. त्याचं खरं उत्तर हेच आहे. घरी करण्यासारखं म्हणजे तिला सरळ, छाती मोकळी ठेवून बसवायचं, हवा मोकळी करायची, नाकपुड्या पुसायच्या आणि तिला शक्य तितकं कमी हाताळायचं. घाबरलेल्या पक्ष्याला दुप्पट हवा लागते.

आता कशाकशाची शक्यता कमी झाली ते सांगते. घाण वास आणि तोंडभर सूज असती तर मी कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची जिवाणूंमुळे होणारी सर्दी, म्हटलं असतं, तो संसर्गानंतर १ ते ३ दिवसांतच दिसतो आणि सगळा कळप एकदम सुजलेल्या तोंडाने उभा राहतो. रक्ताचे शिंतोडे आणि प्रत्येक श्वासाला किंचाळल्यासारखा आवाज असता तर लॅरिंगोट्रॅकायटिस, तो विषाणूचा. तोंडात पिवळे थर असते तर देवीचा तोंडातला प्रकार. मान पिळवटणं, हिरवी हगवण, पाय लुळे पडणं, ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणं. एकाएकी दोन-चार कोंबड्या मेलेल्या सापडणं, डोकं सुजून निळं पडणं, पायांवर रक्ताचे डाग, असं काही दिसलं तर औषधांचा विचारही करायचा नाही. बर्ड फ्लू असू शकतो, उघड्या हाताने मेलेल्या पक्ष्याला शिवायचं नाही आणि पशुसंवर्धन खात्याला त्याच दिवशी कळवायचं. ठकीच्या बाबतीत हे दिसत नाही.

बुरशीचा आजारही मला वाटत नाही. कुजक्या भुशातून, बुरसटलेल्या खाद्यातून बीजाणू फुप्फुसात जातात तेव्हा कोंबडी चोच वासते, पण बहुतेक वेळा आवाजाशिवाय. ओली घरघर म्हणजे श्वासनलिकेत चिकट द्रव आहे.

डोळ्यात फेस, एका बाजूचा फुगवटा, टाळूच्या चिरेत शेंबूड, ओली घरघर, खाणं चालू, आजार हळूहळू चढणारा आणि दोनेक आठवड्यांपूर्वी नवा पक्षी आलेला. हे सगळं एकत्र ठेवलं तर मायकोप्लाझ्मा हा श्वासमार्गातला जिवाणू पहिला डोळ्यासमोर येतो. पोल्ट्रीवाले त्याच्या आजाराला सीआरडी, म्हणजे श्वासाचा जुनाट आजार, म्हणतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसायला ६ ते २१ दिवस लागू शकतात, तुमच्या हिशेबात हे बसतं. नवी तलंग ठणठणीत दिसते म्हणून ती सुटली असं समजू नका. एकदा लागण झालेली कोंबडी बरी झाली तरी जंतू अंगात बाळगून असते. तिला स्वतःला काहीच होत नाही आणि ती बाकीच्यांना देत राहते. विक्रेत्याकडून तशीच आली असेल. त्यात त्या पोरीचा काय दोष, तिला वेगळं टाकून देऊ नका, आता सगळा कळप एकच समजायचा.

इन्फेक्शस ब्रॉंकायटिस नावाचा विषाणूचा आजार सुरुवातीला अगदी असाच दिसतो. तो मात्र एक-दोन दिवसांत सगळ्यांना शिंकायला लावतो आणि अंड्यांची टरफलं बिघडवतो. तुमच्याकडे तसं झालेलं नाही, तरी पूर्ण खात्री नमुना तपासूनच होते.

म्हणूनच पूड थांबवायला सांगितली. तिच्यावर कोणतं नाव आहे? पेनिसिलिनच्या कुळातलं असेल तर मायकोप्लाझ्मावर त्याचा काडीचा उपयोग नाही. ते औषध जंतूच्या पेशीभित्तिकेवर घाव घालतं आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते. विषाणू असेल तर कोणतंच अँटिबायोटिक त्याला मारत नाही, फार तर वरून चढणारे दुसरे जंतू रोखतं. टायलोसिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांच्या कुळातली औषधं इथे चालतात, पण वजनावर मात्रा ठरवून, ठरलेले सगळे दिवस. शिवाय सगळ्यांच्या पाण्यात टाकलं की होतं असं की निरोगी कोंबडी पोटभर पिते आणि जिला गरज आहे ती आजारी कोंबडी चारच घोट घेते. तिला अर्धी मात्रा, आणि जंतूंना औषधाची सवय. पाच दिवसांत मोकळ्या होतील हे तुम्हाला सांगणाऱ्यांनी आवाज थांबतो ते पाहिलेलं असतं, पण जंतू राहिलेला असतो आणि पुढच्या थंडी-पावसात तोच परत उठतो.

तुमच्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांना पुन्हा फोन करा. कोंबडी बघा असं म्हणू नका. म्हणा की श्वासनलिकेतून किंवा टाळूच्या चिरेतून कापसाच्या काडीवर नमुना घ्यायचा आहे आणि मायकोप्लाझ्मा व ब्रॉंकायटिससाठी पीसीआर करायला पाठवायचा आहे. औषध सुरू करायच्या आधी घ्यायचा. एवढं नेमकं मागितलं की बहुतेक डॉक्टर तयार होतात, अडलं तर पक्ष्यांच्या डॉक्टरशी फोनवर बोलून मात्रा ठरवतात.

आणि खुराड्याच्या वासाबद्दल. तुम्ही खाली बसून वास घेतलात हे मला फार आवडलं. तो अमोनिया. ओल्या भुशात विष्ठा कुजली की तयार होतो. हवेच्या दहा लाख भागांत २५ भागांच्या वर गेला की कोंबडीच्या श्वासनलिकेतली बारीक लव मरू लागते, आणि धूळ-जंतू बाहेर लोटायचं काम तीच लव करते. आपल्या डोळ्यांना झोंबतंय म्हणजे त्यांच्यासाठी तो कधीच जास्त झालाय. मायकोप्लाझ्मा कुठूनही येवो, अमोनिया त्याला दार उघडून देतो. आजच सगळा भुसा काढा, पण कोंबड्या बाहेर असताना, कोरडी धूळ उडू नये म्हणून किंचित पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावून. वरची जाळी उघडा. झड अडवायला बाहेरून पुढे आलेलं छप्पर लावा, जाळी बुजवू नका. गरम, ओली हवा वर चढते, तिला बाहेर पडायला दांडीच्या वरच वाट हवी, म्हणजे बसलेल्या कोंबड्यांच्या अंगावर झोतही येत नाही.

सोनपिसारा

ताई, ड्रॉपरबद्दल सांगितलंत, धन्यवाद. आमच्या पिल्लाचं एक विचारू का? दीड महिन्याचं आहे, जांभई दिल्यासारखं सारखं तोंड उघडतं, मान झटकतं. नाक, डोळे कोरडे. दिवसभर मातीत उकरत असतं.

पाखरांची डॉक्टर

त्या वयात आणि कोरडं नाक असेल तर श्वासनलिकेतले जंत आधी तपासा. लाल, दोऱ्यासारखे असतात, नर-मादी कायमचे जोडलेले म्हणून इंग्रजी वाय अक्षरासारखे दिसतात. गांडुळं, गोगलगायी खाल्ल्या की त्यांच्यातून येतात. अंधारात पिल्लाची मान हलकी लांब करून बाहेरून टॉर्च धरला तर कधी कधी नळीत हलताना दिसतात. विष्ठेचा नमुना द्या. जंत निघालेच तर फेनबेंडाझोल कुळातलं औषध काही दिवस द्यावं लागतं, मात्रा वजनावर, डॉक्टरांकडूनच घ्या. जंत मेल्यावर त्यांचा गोळा नळीत अडकू शकतो, म्हणून फार धाप असेल तर घरी देऊ नका. उशीर करू नका, पिल्लाची नळी बारीक असते.

ठकीची माय

नमुना गेला. तुम्ही सांगितलेले शब्द जसेच्या तसे म्हटले, डॉक्टर लगेच तयार झाले. पुडीवर अमॉक्सिसिलिन लिहिलं होतं, म्हणजे पेनिसिलिनच्याच कुळातलं, ते डॉक्टरांनीही सांगितलं. मायकोप्लाझ्मा निघाला, ब्रॉंकायटिस नाही. डॉक्सिसायक्लिन सुरू झालंय, मात्रा वजन करून. ठकीची घरघर आता फक्त रात्री, कान लावला तर. श्वास ३० च्या आत आलेत. काल तिने माझ्या हातातलं खाद्य ओढून घेतलं, मला रडूच आलं.

तीन प्रश्न आहेत. अंड्यांचं काय? बाकीच्यांना औषध द्यायचं का? आणि ती परत खुराड्यात कधी जाईल? दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसते.

पाखरांची डॉक्टर

वाचून इतका आनंद झाला!

डॉक्सिसायक्लिन चालू आहे तोवर शिंपल्यांची भुकटी, कॅल्शियमचं पाणी, दुधाचे पदार्थ बंद. कॅल्शियम त्या औषधाला पोटातच बांधून टाकतं, रक्तात उतरू देत नाही. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यातही कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून डॉक्टरांना विचारून ठकीला तेवढे दिवस तलंगांचं खाद्य द्या. अंडी औषध चालू असताना आणि संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस कुणी खायची नाहीत, त्यांत औषधाचा अंश उतरतो. परत कोंबड्यांनाही खायला घालू नका, पुरून टाका.

बाकीच्यांपैकी बकुळाचं वजन करून तिला औषध द्यायचं का ते डॉक्टरांना विचारा, कारण ती शिंकली आहे. ज्यांना काहीच होत नाही त्यांना मी देत नाही. त्यांच्या अंगात जंतू असेलही, पण औषधाने तो पूर्ण जात नाही आणि उगाच दिलेलं औषध पुढे खऱ्या गरजेच्या वेळी काम करत नाही. त्यांचं औषध म्हणजे कोरडा भुसा, उघडी जाळी, पोटभर खाद्य आणि गर्दी कमी. रोज संध्याकाळी दांडीवर बसल्यावर पाच मिनिटं शेजारी उभं राहून फक्त ऐकायचं. दिवसा त्या आजार लपवतात, रात्री शांत झाल्यावर श्वास लपवता येत नाही.

ठकीला आत सोडायचं ते औषधाचा कोर्स संपल्यावर, सलग काही रात्री आवाज नसेल आणि वजन आधीच्या इतकं भरत असेल तेव्हा. संसर्गाची भीती आता तितकी नाही, कळप एकच आहे. भीती मारामारीची आहे. बाहेर राहून आलेल्या, अशक्त कोंबडीला बाकीच्या टोचतात, आणि पळापळ झाली की तिची धाप परत येते. दोन-तीन दिवस जाळीआड शेजारी ठेवा, मग संध्याकाळी सगळ्या दांडीवर चढल्यावर अंधारात तिला बकुळाच्या शेजारी बसवा.

तोवर कामाचा क्रम सांभाळा, आधी निरोगी कोंबड्या, शेवटी ठकी, मग हात आणि चपला धुवायच्या. जंतू कपड्यांवर, पिसांवर काही दिवस तग धरतो, त्यामुळे दुसऱ्यांच्या कोंबड्या बघायला त्याच कपड्यांवर जाऊ नका. यातल्या कुठल्याही कोंबडीच्या अंड्यांतून पिल्लं काढू नका आणि कुणाला कोंबडी देऊ नका, मायकोप्लाझ्मा अंड्यातूनही पिल्लात उतरतो. यापुढे नवी कोंबडी आणायची वेळ आलीच तर ३० दिवस लांब ठेवा आणि नमुना तपासून घ्या.

ठकीची माय

लिहून घेतलं सगळं. शिंपल्यांची भुकटी आजच काढली. कोर्स संपला की वजनाचा आकडा इथे टाकते.